खारी माती

१

सिंधु रोज सकाळी उठली की पहिलं काम करायची ते अंथरूण झटकण्याचं. दाराबाहेर जायचं, चादरीची दोन टोकं धरायची आणि असा झटका द्यायचा की समोरच्या गच्चीवरची कबुतरं उडालीच पाहिजेत. चादरीतून पडायचं काय, तर काही नाही. लातुरातल्या त्या स्लॅबच्या घरात वरून पडायला होतंच काय? पण सवय ती सवय. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, असं बानो तिला चिडवायची.

सवय जुन्या गावची होती. तिथं दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवद. माळवद म्हणजे लाकडी फळ्या, त्यांवर निंबाचा पाला आणि त्याच्यावर हातभर खारी माती. ही माती पांढुरकी असते, मऊ असते, आणि अंगात खार असल्यामुळं पावसाचं पाणी आत येऊ देत नाही. मात्र फळ्यांच्या फटींतून ती दिवसरात्र थोडी थोडी झरत राहते. त्यामुळं गावातल्या एकूणएक बाईचा दिवस वाकळ झटकण्यानं सुरू व्हायचा. त्र्याण्णव सालच्या भूकंपात ही सगळी माती एका दमात खाली आली. गणपती बुडवून दमून झोपलेलं गाव तिच्याखाली गेलं, आणि त्यात सिंधुचा नवरा भागवत होता.

त्यानंतर लातूरची तऱ्हाच बदलली. आधी जगाला लातूर कळलं ते भूकंपानं, मग कळलं ते मार्कांनी. गल्लोगल्ली क्लासेस झाले. अहमदपूर, मुरुड, शिरूर अनंतपाळ, कुठून कुठून पोरं पेटी आणि वळकटी घेऊन डॉक्टर व्हायला येऊ लागली. डॉक्टर व्हायचं तर आधी जेवावं लागतं, तेव्हा सिंधुनं मेस काढली. भागीदारीण बानो. बानोचं घराणं लातुरातलं पिढीजात, नवरा अजीज गाद्या भरणारा, हॉस्टेलच्या निम्म्या पोरांच्या पाठीखाली त्याचीच गादी. मेसमध्ये पोळ्या बानोच्या आणि कालवण सिंधुचं, असं बारा-तेरा वर्षं चाललं होतं.

सिंधुची मुलगी ऋतुजा भूकंपानंतर जन्मली. पत्र्याच्या शेडमध्ये वाढली, मग नव्या गावात, मग लातुरात. तिला चालता येण्याआधी एक नियम शिकवला होता, जो त्या गावातल्या सगळ्या लेकरांना शिकवलेला होता. कुणी 'भाईर ये' म्हणलं की कामून म्हणून विचारायचं नाही. हातातला घास टाकायचा, अंगावर कपडे असोत-नसोत, बाहेर यायचं. ऋतुजा न्हाणीतून साबण लावलेली बाहेर आली होती एकदा, आणि आईनं तिला शाबासकी दिली होती.

ऋतुजाही गल्लीतल्या पोरांसारखी डॉक्टरच व्हायला निघाली होती. मार्क थोडे कमी पडले. दुधाची तहान ताकावर, म्हणून रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात उशिराच्या फेरीत जागा मिळाली ती घेतली. "डॉक्टरच झाली म्हना," बानो म्हणाली, "माशांची."

एकच गोष्ट सिंधुच्या जिवाला लागली. जुनं गाव एकाच पहाटे गेलं, म्हणून नव्या गावात सगळ्यांचं श्राद्ध एकाच दिवशी असतं. स्मारकापाशी पानं मांडतात आणि म्हातारी धुरपताबाई सगळ्यांच्या वतीनं मेलेल्यांना एकच वाक्य सांगते, "लेकरांवर नजर ठेवा." सिंधु ते कधी चुकली नव्हती. पानाला कावळा शिवायचा, पण भागवत आला असं तिला तिथं एकदाही वाटलं नव्हतं. यंदा तर भूकंपाची तिथी आणि तीस सप्टेंबर ही तारीख जुळून आलेली, आणि नेमकं तेव्हाच पोरीला पोचवायला रत्नागिरीला जायचं होतं.

"चल की मी बी येते," बानो म्हणाली. "अजीज चार दिस मेस सांभाळतो. दर्या बघू. मरायच्या आधी बघायलाच पायजे म्हनतेत."

२

सोलापूर, कोल्हापूर आणि आंबा घाट करून एसटीनं तिघींना रत्नागिरीत उतरवलं तेव्हा बानोच्या पोटात काही उरलं नव्हतं. पण मिरकरवाड्याच्या धक्क्यावर तळलेल्या मासळीचा वास आला आणि ती खडखडीत बरी झाली.

कॉलेजातलं काम लवकर उरकलं. हॉस्टेलची खोली सोमवारी मिळणार होती. तोवर तिघींनी गाव पाहिलं. टेकडीवरचा राजवाडा पाहिला, जिथं इंग्रजांनी ब्रह्मदेशच्या राजाला आणून ठेवलं होतं. तो तिथल्या सज्जातून वर्षानुवर्षं समुद्राकडं बघत बसायचा आणि तसाच मेला, असं तिथल्या माणसानं सांगितलं. बानोला त्याच्या जेवणाचं काय होतं याची चौकशी करायची होती. सिंधुला मात्र त्या सज्जातून निघवेना. बघत बसायचं आणि पोचायचं नाही, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

दुपारी मांडवीच्या जेटीवर गेल्या. इथं एके काळी मुंबईची बोट लागायची, माणसं रुमाल हलवायची. आता भेळवाले होते. ऋतुजा आणि बानो पुढं गेल्या, आणि सिंधु जेटीच्या दगडावर पाय ठेवून थांबली ती थांबलीच.

समुद्राचा आवाज कानाला येतो असं तिला वाटलं होतं. हा तळपायातून येत होता. खोल, घुमणारा, लांबून लोडिंगची गाडी यावी आणि येतच राहावी तसा. हा आवाज तिला माहीत होता. भूकंपाच्या आधी जवळजवळ वर्षभर जुन्या गावात जमिनीखालून तो यायचा. भांडी किणकिणायची, कुत्री रडायची, म्हातारी माणसं देव पाण्यात ठेवायची. भागवत तेव्हा नवा नवरा. तो आडवा होऊन जमिनीला कान लावायचा आणि हसून म्हणायचा, "खाली दर्या हाय, सिंधु. आयकून बघ. सोयाबीन निघू दे, एकदा तुला वरचा दावतो." त्यानं स्वतः दर्या जन्मात पाहिला नव्हता.

"आई, काय झालं?" ऋतुजा मागं आली.

"काही न्हाई. तुझे बाबा बरोबर म्हणायचे," सिंधु म्हणाली. पोरीला पुढचं सांगितलं नाही, कारण डोळे भरून आले होते आणि बानो बघत होती.

३

शनिवारी दुपारी त्या गणपतीपुळ्याला गेल्या. दर्शन घेतलं. बानो बाहेर सावलीला चपला सांभाळत बसली आणि वर कोकमाचं सरबत पिऊन आली. किनाऱ्याजवळच एका लॉजमध्ये खालच्या मजल्यावरची खोली मिळाली. लॉजवाल्या काकू बोलक्या होत्या.

"पाय भिजवा, पण आत जाऊ नका हो," त्या किल्ली देताना म्हणाल्या. "इथला समुद्र वरून गरीब दिसतो. पायाखालची वाळूच ओढून नेतो. त्यात उद्या पौर्णिमा, भरती मोठी."

खोली साधी होती. पांढरा चुना, वर स्लॅब, त्याला पंखा, दोन पलंग, त्यांवर लॉजच्याच पांढऱ्या चादरी. तिघी आडव्या झाल्या आणि डोळा लागला. सिंधुला जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. ती उठली, चादर उचलली, दाराबाहेर गेली आणि झटकली.

चादरीतून माती पडली.

फार नाही. मूठभरही नसेल. पायरीच्या लाल चिऱ्यावर पांढुरका थर बसला. सिंधु बघत राहिली. मग स्वतःशीच हसली. समुद्रकाठी वाळू नाही पडणार तर काय हळकुंडं पडणार? वारा सुटलेला, खिडकी उघडी. तिनं बसून चिमूट उचलली. वाळू बोटांत करकरते. ही करकरत नव्हती. मऊ होती, पिठासारखी बोटांना चिकटली. सिंधुनं इकडं तिकडं बघून जिभेला लावली. खारट.

समुद्राचं खारं वारं सगळ्यालाच लागतं, तेव्हा खारट असायचीच. असं ती मनाला सांगत होती तेवढ्यात मातीत एक वाळकं पान दिसलं. अर्धंच होतं, कडेला दातेरी. निंबाचं.

बानो डोळे चोळत दारात आली. तिनं पान हातात घेतलं, माती पाहिली, आत जाऊन दोन्ही गाद्या उलथून पाहिल्या. गाद्यांतलं तिला कळायचं. "फोमच्या हायत मेल्या. यातून माती कुठून पडंल?" ती म्हणाली. मग वर पाहिलं. स्लॅब गुळगुळीत होता, चुन्याला एक चीर नव्हती. "ह्या मुलखात निंब दिसलं का गं तुला कुठं?"

"आपलं बोचकं ठेवलं होतं पलंगावर," सिंधु म्हणाली. "लातूरहून आलं असंल त्याला लागून."

"आलं असंल," बानो म्हणाली. पण तिनं पान फेकलं ते दूर, आणि हात दोनदा धुतले.

४

संध्याकाळी किनाऱ्यावर जत्रा उसळली होती. अनंत चतुर्दशी होती. ताशे वाजत होते, डोक्यावरून गणपती येत होते, आणि त्यांच्या आजूबाजूला सहलीला आलेली माणसं पाण्यात खेळत होती. दिवसभराचा उकाडा, दुपारचा वारा आता पडलेला, सगळ्यांच्या अंगातून घाम निथळत होता. ऋतुजानं सलवार वर दुमडली आणि बानोचा हात धरून ओढलं. बानो किंचाळायच्या बेतात होती, पण पहिली लाट पायावरून गेल्यावर तिचं तोंड लहान लेकरासारखं झालं.

सिंधु कोरड्या वाळूवर उभी राहिली. तिच्याजवळच एक नवी नवरी चुडा सावरत उभी होती आणि नवरा गुडघाभर पाण्यातून तिला हात करत होता. "आत ये गं. काही होत नाही. आत ये." तिकडं कुणी बापाला बोलावत होतं, कुणी मैत्रिणीला. आत ये, आत ये, सगळा किनारा तेवढंच म्हणत होता. नवरी लाजत लाजत गेली. सिंधुनं तोंड फिरवलं. एकोणीस वर्षं झाली तरी असलं काही तिला बघवायचं नाही, आणि ते तिनं कधी नाकारलंही नव्हतं.

"आत ये, सिंधु."

तिनं पाहिलं. पाण्यात पन्नास माणसं होती. सिंधु नावाची दुसरी कुणी बाई असेल. नाव काही तिनं विकत घेतलं नव्हतं.

"आत ये. भाईर गारठा हाय."

आवाज मोठा नव्हता. ताशांच्या वर चढलेला नव्हता, खालून आला होता. झोपेत असलेल्या माणसाचा जडसा आवाज. सिंधुच्या पाठीवरून घाम ओघळत होता, शेजारचा भेळवाला पुठ्ठ्यानं वारा घेत होता. या उकाड्यात गारठा कुणाला वाजत असेल, हा प्रश्न तिला पडला. उत्तरही लगेच सुचलं, आणि ती मागं मागं सरकत नारळाच्या गाड्याला जाऊन टेकली.

"तोंड कामून पांढरं पडलं?" बानो ओलीचिंब परत आली.

"ऊन लागलं," सिंधु म्हणाली. सूर्य तेव्हा बुडाला होता.

५

तिनं आजवर कुणाला न सांगितलेलं एवढंच होतं.

त्या पहाटे ती घराबाहेर होती म्हणून वाचली, हे सगळ्यांना ठाऊक होतं. का बाहेर होती, हे बायकांनी नंतर हिशेब घालून ओळखलं. तिला मळमळत होतं. अंगणातल्या रांजणापाशी बसून ती चूळ भरत होती आणि मनातल्या मनात हसत होती, कारण आता खात्री झाली होती. आत जायचं आणि सांगायचं, एवढंच उरलं होतं. कसं सांगायचं याचे शब्द ती जुळवत होती.

आतून भागवतचा झोपाळू आवाज आला. "आत ये, सिंधु. भाईर गारठा हाय." तो बाजेवर कोपरावर उठून वाकळेचा काठ उचलून धरणार, हे तिला बाहेरून न बघता कळत होतं. रोज तसाच धरायचा.

"आले," ती म्हणाली.

तोंडावर पाणी मारलं, पदरानं पुसलं. तेवढ्यात खालचा दर्या वर आला.

यात तिची चूक नव्हती, हे तिलाही कळत होतं. चुकीचं दुःख नव्हतंच ते. तिला फक्त आत जायचं होतं. त्या उचललेल्या काठाखाली शिरून त्याच्या कानात तेवढी एक गोष्ट सांगायची होती. लोक म्हणायचे, दुसरं लग्न कर. कसं करणार? ती अजून त्याच उंबऱ्याशी उभी होती.

रात्री जेवताना तिनं पोळीचा एक घास बाजूला काढला आणि पदरात बांधला. बानोनं पाहिलं. "हितंच घास ठेव त्यांना," ती समजुतीनं म्हणाली. "माती काय, पानी काय. पोचतं."

६

उजाडायच्या सुमाराला सिंधु उठली. मळमळून उठावं तशीच उठली. ऋतुजा आणि बानो गाढ झोपल्या होत्या. सिंधुच्या चादरीवर, जिथं ती झोपली होती त्याच्या शेजारी, मातीचा लांबट ढीग साचला होता. तिच्या बाजूला एक कण नव्हता. तिनं चादर झटकली नाही. तशीच राहू दिली.

किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. चंद्र मावळतीला टेकला होता आणि पूर्वेला डोंगरामागं फटफटत होतं. भरतीनं रात्रीचे गणपती परत वाळूवर आणून ठेवले होते, रंग गेलेले. सिंधुनं पाण्याच्या कडेला घास ठेवला. लाट आली आणि घास घेऊन गेली.

"आत ये, सिंधु."

मन चिंती ते वैरी न चिंती, तिनं स्वतःला बजावलं. काल दिवसभर तोच विचार, दमलेलं डोकं, वर हा आवाज. लाट फुटते त्यात माणसाला हवं ते ऐकू येतं. हे सगळं अगदी खरं होतं. ती गुडघाभर पाण्यात पोचली होती.

पाणी मांड्यांना लागलं. उबदार होतं. मोठी लाट आली, तिच्यापाशी न फुटता बाजूनं गेली, आणि मागच्या खोलग्यात सिंधुला दिसलं. दारापासून बाज जेवढ्या अंतरावर असायची तेवढ्यावर, खाली, कुणीतरी कोपरावर रेललं होतं. दुसरा हात वर होता. त्या हातात पाण्याचा काठ होता, वाकळेचा असावा तसा, उचलून धरलेला. काठाखाली पाणी नव्हतं. कोरडं होतं. एका माणसापुरती जागा होती. चेहरा मात्र दिसेना, कारण त्याच्यावर वरून काही बारीक, सारखं पडत होतं.

सिंधुला भीती वाटली नाही. हेच पुढं तिला सर्वांत भयंकर वाटत राहिलं.

"आवो," ती म्हणाली. तिनं नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं, आताही घेतलं नाही. "त्या दिशी सांगायचं राहिलं. मला दिस गेले होते. पोरगी झाली तुमाला. ऋतुजा नाव ठेवलंय. कपाळ तुमच्यावाणी हाय. लई हुशार हाय. आता हितंच शिकणार हाय, दर्याकाठी. तुमच्याजवळच."  आणि मग तिच्या तोंडून तेच निघालं, जे दरसाल धुरपताबाईच्या तोंडून निघायचं, गावातल्या कुणाही बाईच्या तोंडून निघालं असतं. "लेकरावर नजर ठेवा."

वरचा हात थोडा अजून वर झाला. काठ आणखी उघडला. आता तिथं दोघांची जागा होती.

"आई, भाईर ये!"

सिंधुचे पाय आपोआप वळले. मनाला विचारलंच नाही त्यांनी. एकोणीस वर्षांचा नियम होता, कामून म्हणून विचारायचं नाही. ती पाणी कापत, धडपडत बाहेर आली, तेव्हा ऋतुजा झोपेतल्या कपड्यांत उभी होती.

"आत कामून गेलतीस? काकूंनी सांगितलं होतं न?"

"तुझ्या बाबांना सांगायला," सिंधु म्हणाली. छातीवरचं दगडी जातं उतरावं तसं तिला हलकं वाटत होतं. "तू झालीस ते त्यांना ठाऊकच नव्हतं, बाई. आज सांगितलं."

ऋतुजानं पाण्याकडं पाहिलं. बापाचा फोटोसुद्धा तिनं पाहिला नव्हता, घरासोबत तोही गेला होता. "काय म्हणले?" तिनं हळूच विचारलं.

"नमस्कार कर," सिंधु म्हणाली. घरात मोठं माणूस आलं की आई लेकराला म्हणते तसं.

ऋतुजा पाण्याच्या कडेला गेली आणि वाकली. ओहोटी लागली होती, लाटा मागं हटत होत्या. तरी एक लाट वर आली, बाकीच्यांच्या खुणा ओलांडून, पोरीच्या घोट्यांभोवती एकदा फिरली आणि सावकाश परत गेली. ऋतुजा हसली. सिंधुही हसली. दोघी हातात हात घालून लॉजवर परतल्या. बानोनं तोवर सिंधुची चादर झटकून पायरी झाडून घेतली होती, आणि काय झाडलं ते ती बोलली नाही.

सोमवारी हॉस्टेलच्या खोलीत पोरीची ट्रंक लागली, अजीजनं भरलेली गादी पसरली. सिंधुनं तिला एकच सांगितलं, "रोज अंथरूण झटकत जा."

७

लातुरात परतल्यावर सिंधु बदलली. बानोनंच ते पहिल्यांदा ओळखलं. सिंधु गुणगुणू लागली होती. कालवणात मीठ नीट पडू लागलं होतं. सकाळी ती चादर झटकायची विसरू लागली, आणि विसरली हे दुपारी आठवलं तरी उठायची नाही. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की झोप. एकोणीस वर्षांनी तिला उंबऱ्यावरून हलल्यासारखं वाटत होतं. कुणी बोलावत नव्हतं.

ऑक्टोबरचं ऊन तापलं होतं. दिवाळीला अजून अवकाश होता. एका संध्याकाळी पोरांचे डबे भरून झाले आणि ऋतुजाचा फोन आला. अभ्यासाचं सांगितलं, मासे कापायला लागतात म्हणून तोंड वाकडं केल्याचं फोनवरूनही कळलं.

"अंथरूण झटकतीस न?" सिंधुनं विचारलं.

"झटकते. तू हसशील आई, पण हितं खरंच माती पडून राहिली. वर अजून एक मजला हाय, तरी. मैत्रीण म्हणती माझ्याच पलंगावर कशी पडती."

सिंधुच्या हातातलं डब्याचं झाकण हातातच राहिलं. "कसली माती?"

"पांढरी. मऊ हाय."

"वाळू असंल."

"वाळू न्हाई ती. वाळू मला आता कळती." ऋतुजा पुढं म्हणाली, "खारट हाय. मी जिभेला लावून बघितली. कामून लावली काय म्हाईत." मग फोनपासून तोंड बाजूला नेऊन ती कुणाला तरी म्हणाली, "आले."

"कुणाला म्हणलीस?"

"कुणी तरी बोलावून राहिलं. आत ये म्हणतंय."

"खोलीत कोण हाय?"

"खोलीत कुणीच न्हाई, सगळ्या जेवायला गेल्यात. आवाज खोलीकडून न्हाई, खालून येतोय, पाण्याकडून." ऋतुजा हसली, लहानपणी हसायची तसं. "म्हणतंय गारठा हाय. आई, हितं घामाच्या धारा लागल्यात. पण इतकं मायेनं म्हणतंय न."

पलीकडून तो आवाज येत होता. लांबून लोडिंगची गाडी यावी आणि येतच राहावी तसा. बानोनं पोळपाट सोडून सिंधुच्या खांद्यावर हात ठेवला. सिंधुनं सगळं बळ एकवटून 'भाईर ये' म्हणायला तोंड उघडलं, ज्या दोन शब्दांवर तिनं पोर जगवली होती, पण आधी विचारावं लागलं.

"ऋतुजा, तू कुठं हायस आत्ता?"

"भाईरच हाय की," ऋतुजा म्हणाली. "हॉस्टेलखालच्या किनाऱ्यावर. आले म्हणलंय मी, आई. आता जायला पायजे न?"